अप्पांकडे राहिलेला रुपया

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार असतील. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि आता बोटं थरथरतात म्हणून ओळही सरळ राहत नाही. एका रेघेवर सुरू करते आणि खालच्या रेघेवर जाऊन पोचते. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर हातात पेन आलं ते वाण्याची यादी करायला नाहीतर गॅसच्या पावतीवर सही करायला. तेव्हा हे कुणाच्या हाती पडलंच तर त्याने रागावू नये. खरं म्हणजे कुणाच्या हाती पडावं म्हणून मी लिहीतच नाही. वसंताच्या नातीची शाळेची वही अर्धी कोरी उरली होती, आणि अप्पांचा आवाज ऐकलेलं माणूस आता या घरात माझ्याशिवाय कुणी नाही. वसंता माझा धाकटा भाऊ, तो तेव्हा फार लहान होता. त्याला अप्पा आठवतात ते लोकांनी सांगितलेले. मला आठवतात ते कानाने.

अप्पा म्हणजे आमचे वडील. मालाच्या बोटींवर इंजिनियर होते. पोरवयात मुंबईला गोदीच्या वर्कशॉपात लागले, परीक्षा देत देत वर चढले आणि अर्धं जग फिरून आले. गावात त्यांना सगळे ‘इंजनेर’ म्हणायचे. वर्षाने, कधी त्याहूनही उशिराने ते दिवेआगरला यायचे आणि महिना-दीड महिना राहायचे. आमचं घर वाडीत होतं, वर नारळी, खाली पोफळी, मागे विहीर आणि विहिरीवर रहाट. घरातून समुद्र दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. अप्पा आले की पायातले बूट ओटीवर काढून सरळ विहिरीवर जायचे आणि ओंजळीने पाणी प्यायचे. त्यांनी पाहिलेली सगळी बंदरं ते पाण्यावरून सांगायचे. एडनचं पाणी तोंडात धरवत नाही. रंगूनचं बरं. जपानचं गोड, पण तिथे चहात दूध घालत नाहीत. मग मिशी पुसून म्हणायचे, “हे खरं पाणी.” आईने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे ठेवली की ते बोलणं थांबवायचे. जेवताना त्यांना कुठलाच देश आठवत नसे.

अप्पा घरी असले की घराला आवाज यायचा. कुणाची बत्ती दुरुस्त करत, देवळातली बाजाची पेटी उघडून बसत, नाहीतर आमच्या माळ्याच्या शिडीला पायऱ्या ठोकत. माझे केस तेच विंचरायचे. वेणी घालायचे ती दोरखंड वळल्यासारखी, इतकी घट्ट की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत एक बट सुटायची नाही. शाळेत मुली विचारायच्या, वेणी कुणी घातली. मी सांगायची नाही. मी कुणालाच काही सांगायची नाही. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हासुद्धा माझं ‘हजर’ माझ्या पाटीच्या पलीकडे जात नसे.

अप्पांकडे एक लाकडी दांडा होता, हातभर लांब, धरून धरून गुळगुळीत झालेला. त्याचं एक टोक यंत्रावर टेकवायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं, की यंत्राच्या पोटातलं ऐकू येतं. बोटीवर इंजिनचं दुखणं ते असंच ऐकायचे. घरी आले की रहाटाचं ऐकायचे, आईच्या जात्याचं ऐकायचे, मला खोकला झाला की माझ्या छातीचं. “बेरिंग चांगलं आहे,” म्हणायचे, “तेल कमी पडतंय. हिला दुधात हळद द्या.” वसंता तर दांडा लावला की श्वास धरून उभा राहायचा, आपलं इंजिन बंद पडतं का ते बघायला.

एका खेपेला ते मुंबईहून जुना लोखंडी पाइप घेऊन आले. रहाटाचं पाणी ज्या दगडी डोणीत पडायचं तिथून थेट स्वयंपाकघरापर्यंत त्यांनी तो आणला. आईच्या डोक्यावरचा हंडा सुटला. डोणीजवळ लाकडाचं बूच होतं. ते काढायच्या आधी अप्पा पाइपवर ठोकायचे, म्हणजे आईने घागर खाली धरावी. घागर भरली की आई आतून उलथन्याने ठोकायची, म्हणजे बूच लावावं. बाहेरून ठक ठक, आतून टिंग टिंग. ओरडायला नको, उठायला नको. आत्या, अप्पांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, आमच्याकडेच असायची. सुपारी सोलता सोलता ती म्हणायची, “बोटीवं सायेब नि घरी बायकोचा पानक्या.”

“आक्का, बोटीवर पण पाणीच सांभाळतो,” अप्पा म्हणायचे. “फरक एवढाच, तिथे ते आत येऊ द्यायचं नसतं.”

निघायचा दिवस जवळ आला की त्यांच्या अंगात वेगळंच काही यायचं. आमच्याकडे बोटीवर जाणाऱ्या माणसांची एक रीत होती. खलाशी असो की तांडेल, जाताना मागे कुणाचं देणं ठेवायचं नाही. आत्या सांगायची, देणं असलं की माणसाला जमीन आपल्याकडे ओढते आणि दर्या आपल्याकडे, आणि माणूस मधे फाटतं. अप्पा इतके शिकलेले, पण ही रीत त्यांनी कधी मोडली नाही. आदल्या दिवशी छत्री घेऊन निघायचे आणि गावभर फिरून सगळं फेडायचे. दुकान, न्हावी, नारळ पाडणारा पाडेली, गाडीवान. नुसते पैसेच नाही, कुणाची करवत आणलेली असली, कुणाचं पातेलं घरात राहिलेलं असलं, तेही. मी बोट धरून बरोबर असायची.

“शेट, माझं किती?” ते दुकानात विचारायचे.

“कसलं किती? परवा तर दिलं ने तुम्ही.”

“काल काडेपेटी नेली.”

“काडेपेटीसाठी कोण डुबतंय, इंजिनियरसाहेब?”

“त्याच्यासाठीच डुबतात, शेट,” अप्पा म्हणायचे आणि फळीवर नाणं ठेवायचे. फेरी संपली की घरी येऊन ओटीवर बसायचे, पाय लांब करायचे आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “कुणाचं काही नाही. दर्या मोकळा.” त्यानंतर आई करंज्या तळायला घ्यायची.

शेवटच्या खेपेला मी त्यांना पोचवायला दिघीपर्यंत गेले. हट्ट केला नव्हता, नुसती बैलगाडीत जाऊन बसले होते. दिघीला गाडी सोडायची, खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं आणि तिथून मुंबईकडे, असा तेव्हाचा रस्ता. धक्क्यावर होडी लागलेली होती. माझ्याकडे भाऊबीजेचा रुपया होता, वसंताच्या हातून आईने ताटात घातलेला. रुमालाच्या टोकाला बांधून मी तो सगळीकडे न्यायची. त्या रुपयाला कडेला एक खाच होती, कारण वसंताने सुपारी समजून तो अडकित्त्यात धरला होता.

होडीवाला म्हणाला, “इंजनेर, ट्रंकेचं पैसं वायलं पडतील हां.”

अप्पांनी खिसा चाचपला. “सुट्टे नाहीत रे. शेवंता, तुझ्याकडे काही आहे का गं?”

मी रुमाल पुढे केला. त्यांनी गाठ सोडली, रुपया घेतला, खाच बघितली आणि हसले. “उसना घेतो. परत आलो की देईन. व्याज काय घेशील?”

मी खाली बघितलं.

“रिबीन?”

मी मान हलवली.

“लाल?”

पुन्हा हलवली.

“ठरलं मग. लिहून ठेवायला नको, तू काही विसरायची नाहीस.” त्यांनी रुपया शर्टाच्या वरच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं. मग फळीवरून होडीत उडी मारली. आणि उडी मारली तेव्हा त्यांच्या पँटच्या खिशात चिल्लर वाजली. मी स्पष्ट ऐकली. होडी थोडी आत गेल्यावर त्यांनी त्याच खिशातून मूठभर नाणी काढली आणि होडीवाल्याच्या हातावर मोजली. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणं मला कधी जमलंच नाही. ते हात हलवत राहिले. गाडीवान म्हणाला, “चल बाय, ऊन चढतंय.” घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होते. काडेपेटीचं देणं ठेवत नाहीत ते अप्पा माझा रुपया घेऊन गेले, आणि त्यांच्याकडे सुट्टे होते.

पुढे पाऊस आला आणि गेला. भात कापून झालं तेव्हा मुंबईहून कंपनीची दोन माणसं आली. बूट न काढता ओटीवर बसली, मग एकाने दुसऱ्याकडे बघून बूट काढले. ती इतकं हळू बोलत होती की मला वाटलं आपल्यासारखीच लाजरी आहेत. बोट ज्या बंदरात पोचायची होती तिथे पोचली नव्हती. शोध चालू होता.

“पोचली न्हाय म्हंजे?” आईने दाराआडून विचारलं.

“बेपत्ता आहे, बाई.”

“बेपत्ता म्हंजे गेली असं न्हाय ना?”

त्यांनी चहा घेतला नाही. कपावर साय धरली. ती माणसं गेल्यावरही ते कप कितीतरी वेळ तसेच होते, कुणी उचलायचे ते कुणालाच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, “चल.” अप्पा ज्या फेरीला जायचे तीच फेरी, त्याच दारांवरून. प्रत्येक दारात उभी राहून ती विचारायची, “माज्या भावाचं तुमचं काय ऱ्हायलंय का? असंल तर सांगा. मी देते.” दुकानात शेटजींनी हात जोडले. “आक्का, इंजिनियरसाहेबांचा एक पैसा नाही.” न्हाव्याने नाही म्हटलं. गाडीवानाने नाही म्हटलं. पाडेली तर रडायलाच लागला, म्हणाला, उलट मीच त्यांचं लागतो, कोयत्याला पैसे त्यांनीच दिलेले. प्रत्येक नकाराबरोबर आत्या थोडी थोडी खाली वाकत होती. कुठेतरी काही राहिलेलं निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. कारण कळलं असतं, फेडता आलं असतं. आणि मी तिच्या पदराला धरून मागे चालत होते, आणि ते देणं कुठे आहे ते मला ठाऊक होतं. बोलले असते तर आत्याने कमरेच्या बटव्यातून रुपया काढून तिथल्या तिथे माझ्या हातावर ठेवला असता. मग अप्पा परत कशासाठी आले असते? मी बोलले नाही.

त्या उन्हाळ्यात पाइप वाजायला लागला. भर दुपारी, जेवणं झाल्यावर, वाडीत पान हलत नसताना, बाहेरून ठक ठक. डोणीजवळ जाऊन बघावं तर कुणी नाही, बूच जागेवर. पहिल्यांदा वाजला तेव्हा आम्ही सगळ्या स्वयंपाकघरात होतो. आत्याच्या हातातली सुपारी खाली पडली. आई उठली, तिने घागर पाइपखाली ठेवली, उलथनं घेतलं आणि आतून ठोकलं, टिंग टिंग. मग पदराने घाम पुसून पुन्हा भांडी घासायला बसली. त्यानंतर रोजचं झालं. दुपारी पाइप वाजायचा आणि आई उत्तर द्यायची.

आत्याला ते बघवेना. ती म्हणायची, “जीव तळमळतोय त्याचा. क्रिया करून सोडवला पायजे.” भटजींना विचारून आली. देह मिळाला नाही तर दर्भाची बाहुली करून अग्नी देतात. अशा वेळी फार वर्षं वाट बघायची असते असं भटजी म्हणाले, पण आत्याचा धीर निघत नव्हता. गावातल्या चार बायका तिच्या बाजूने होत्या. दिवस ठरला. क्रिया झाली की आईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. आईला कुणी विचारलं नाही आणि आईने कुणाला काही म्हटलं नाही. त्या सकाळी ती चुलीपुढे बसली होती आणि चूल पेटवलेली नव्हती. बायका ओटीवर येऊन बसल्या होत्या. मी तिच्या अगदी जवळ गेले.

“आई, अप्पांकडं माजा रुपया हाय.”

तिला ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं, आणि धक्क्यावरचं सगळं सांगितलं.

“सुट्टे होते त्यांच्याकडं?”

“होते. वाजले. मंग त्यातलेच होडीवाल्याला दिले.”

“नि तरी तुजा घेतला.”

“खिशाचं बटन लावलं.”

 आई उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, भिंतीवरच्या आरशापुढे उभी राहून नवं कुंकू लावलं आणि ओटीवर गेली. इतक्या बायकांसमोर ती कधी बोलत नसे, मी तिचीच मुलगी. ती आत्याला म्हणाली, “वन्सं, त्यांनी शेवंताचं देणं ठेवलंय. जाणून ठेवलंय. हे जाणाऱ्या मानसाचं काम न्हाय, येणाऱ्याचं हाय.”

आत्याने मला बोलावून सगळं पुन्हा विचारलं. ऐकून ती भिंतीला टेकून बसली. मग आत गेली, हळदीकुंकवाचं तबक आणून भावजयीच्या हातात दिलं आणि बायकांना म्हणाली, “आज न्हाय. लावून घ्या नि जावा.”

म्हणून मी चौथीनंतर शिकले नाही. पाचवीला शेजारच्या गावी, बोर्लीला, चालत जावं लागायचं आणि आई कुणालाच घराबाहेर सोडायला तयार नव्हती. पण खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. देणारा येईल तेव्हा घेणारीने घरी असायला हवं. पुढे स्थळं आली तेव्हाही मी हेच मनात धरून बसले. लोक म्हणाले, मुलगी मुकी आहे का. असो.

रोठा सुपारी अंगणात वाळत घातली होती तेव्हा उस्मानचाचा आला. दिघीच्या बाजूचा, अप्पांच्या हाताखाली इंजिनरूमला तेलवाला होता. काठी टेकत टेकत आला, अंगावर हाडं तेवढी उरलेली. आम्हाला वाटत होतं तोही बोटीबरोबर गेला. बोट एडनला असताना त्याच्या पोटात दुखणं उठलं, कापावं लागलं, म्हणून त्याला तिथे इस्पितळात उतरवून बोट पुढे गेली. बरा व्हायला आणि परत यायला त्याला हा एवढा काळ लागला होता. आत्याने सुपाऱ्या बाजूला सारून त्याला पाट दिला. आई दाराच्या चौकटीत उभी राहिली.

“भाभी, बोट कशी गेली ते मला ठाऊक नाय,” उस्मानचाचा म्हणाला. “मी होतोच नाय. पण इंजनेरसायेबांनी एक काम सांगितलेलं, ते नाय केलं तर मला कबरीत झोप नाय लागायची.” त्याने खिशातून एक चिंधी काढली. इंजिनरूममध्ये हात पुसतात तसली, तेलाने काळी. तिचा वास अंगणभर पसरला. अप्पा आले की त्यांच्या ट्रंकेला तोच वास असायचा. चिंधीत लाल रिबीन होती आणि तिच्यात गुंडाळलेला रुपया. लांबूनच मला खाच दिसली.

“हा रुपया सायेब सगळ्यांना दाखवायचे,” तो सांगत होता. “हसून बोलायचे, ह्या खेपेला मी उलटं केलंय, देणं ठेवून आलोय. माझी सावकारीण घरी बसलीय, आता मला बुडून चालायचं नाय. आमी पन हसायचो. मंग एडनच्या आधी इंजिनचा आवाज बदलला. सायेब दांडा कानाला लावून तासन्‌तास उभे. मला बोलले, उस्मान, शाफ्टचा आवाज बरा नाय. कप्तानला सांगितलं, तर तो बोलला पुढल्या बंदरात बघू. मला उतरवलं त्या दिवशी सायेब रिबीन घेऊन इस्पितळात आले. बोलले, हे आमच्या शेवंताला दे, देणं फिटलं म्हनून सांग. मी बोललो, सायेब, तुमीच द्या की तुमच्या हातानं. तर बोलले, नको रे. आता ठेवायला नको.”

 वसंता सुपाऱ्यांवरून गाडी फिरवत होता, तोही थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी आईच्या कपाळाकडे बघत होते.

“घे बेटी,” उस्मानचाचाने हात पुढे केला.

मी दोन्ही हात पाठीमागे नेले. “न्हाय.”

“तुजाच हाय गं.”

“त्यांनी घेतलाय. त्यांनीच दिला पायजे. मी न्हाय घेनार.”

परक्या माणसापुढे एवढं लांब वाक्य मी त्याआधी बोलले नव्हते आणि नंतरही फारसं बोलले नाही. उस्मानचाचा हात तसाच धरून आईकडे बघायला लागला. आईने चौकट घट्ट धरली होती. ती म्हणाली, “तिचा हाय. ती घेईल तवा फिटंल.”

तेव्हा उठली ती आत्या. जिने क्रियेचा दिवस ठरवला होता तीच. तिने ती चिंधी रिबीन-रुपयासकट उस्मानचाचाच्या हातातून घेतली, ओटीवरच्या कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, “बसा भाई. च्या ठेवते.”

रुपया त्या कोनाड्यातच राहिला. क्रियेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आत्या रोज केर काढताना कोनाडा पुसायची ती रुपयाच्या भोवतीने. चुना देणाऱ्या गड्याला सांगून ठेवलेलं होतं, तिथे हात लावायचा नाही. रिबीन कसरीने खाल्ली, चिंधीचा वास उडाला, रुपया काळा पडला. आत्या गेली. आई मात्र कुंकू लावत म्हातारी झाली. लोक मागून काय बोलायचे ते आम्हाला ठाऊक होतं, पण आई गेली त्या दिवशी त्याच लोकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या, ओटी भरली. सवाष्ण म्हणून नेली तिला. मी कोनाड्यापाशी उभी राहून बघत होते.

पाइप दुपारी वाजतच राहिला. आईनंतर उत्तर मी द्यायला लागले. वसंता इलेक्ट्रिकची कामं करायचा. एकदा म्हणाला, “ताई, लोखंड उन्हात तापलं की वाढतं, म्हणून वाजतं. त्यात दुसरं काही नाही.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं. आणि उलथनं जागेवर ठेवलं. नळाचं पाणी आलं, विहिरीवर मोटर बसली, पण तो पाइप वसंतानेही काढला नाही.

आई गेल्यावर रुपया घ्यायला काही हरकत नव्हती. तिचं कुंकू त्याच्यावर अवलंबून होतं, ते आता उरलं नव्हतं. मी कितीदा कोनाड्यापर्यंत जायची आणि दुसरंच काही काम आठवून परत फिरायची. कधी वाटायचं, आपण या माणसाला धरून ठेवलंय, तो तिकडे पाण्यात आणि इकडे घरात असा ताणलेला आहे. दुपारी ओटीवर एकटी बसले की वेणी कुणीतरी घट्ट ओढल्यासारखी वाटायची. तेलाचा वास यायचा आणि जायचा. मी घाबरले नाही कधी. घाबरायची ते एवढ्यालाच, की रुपया उचलला आणि हे सगळं थांबलं तर मी या घरात कुणाबरोबर राहू?

मग ते मोठं वादळ आलं. आता वसंताच्या सुनेकडे पैसे देऊन राहायला येणारे पाहुणे वाडी विरळ का म्हणून विचारतात, ते त्याच्यामुळे. आम्ही सगळी मागच्या खोलीत पलंगाखाली होतो. कौलं पत्त्यांसारखी उडत होती. बाहेर येऊन बघितलं तर पोफळी सगळ्या एका बाजूला आडव्या, विंचरल्यासारख्या. नारळ कोसळून ओटीची भिंत पडली होती, कोनाड्यासकट. मी तिथेच खाली बसले आणि हातांनी चिखल उपसायला लागले.

वसंताचा मुलगा म्हणाला, “आत्या, आधी गॅस बघू, कागदपत्रं बघू. तू काय शोधतेस?”

“शोधू दे तिला,” वसंता म्हणाला. मग तोही गुडघे दुखत असताना माझ्याशेजारी बसला आणि सुपारीच्या चाळणीने माती चाळायला लागला. आम्ही दोघं म्हातारी माणसं, पावसात. विटांचे तुकडे निघाले, चुन्याच्या खपल्या निघाल्या. मला एवढंच दिसत होतं की रुपया हरवता कामा नये. सापडला म्हणजे तो हातात येणार, हे शोधताना मला सुचलंच नाही. अंगठ्याला खाच लागली तेव्हा मी मूठ मिटली, आणि मूठ मिटल्यावर कळलं.

“घेतलास ना ताई?” वसंताने विचारलं.

“घेतला.”

डोणीजवळ पाइप तुटून पडला होता, मधूनच दोन तुकडे. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तिसऱ्या दिवशी कडक पडलं. दुपारी सगळे छपरासाठी पत्रे मिळवायला गेले होते आणि मी स्वयंपाकघरात उलथनं घेऊन बसले होते. काही वाजलं नाही. पाइप तुटला म्हणून, की रुपया माझ्याकडे आला म्हणून, हे मला सांगता येत नाही. मी बऱ्याच वेळाने उठले, मागच्या दारात उभी राहिले. झाडं पडल्यामुळे घरातून आता समुद्र दिसत होता. माझ्या आवाजाने जेवढं मोठ्यानं बोलता येईल तेवढं मोठ्यानं मी म्हणाले, “मिळाला, अप्पा. रिबीनही मिळाली होती. कुणाचं काही नाही.”